कव्हरवरचं आडनाव

झाड! पुन्हा आंब्याचं झाड! अरे, तुम्हा अकॉर्डियनवर वायेनातोची गाणी गाणाऱ्यांना झाडाशिवाय दुसरीकडे कुठे उभंच राहता येत नाही का रे? भिंती नाहीत तुमच्या गावात? नदी नाही? रेकॉर्ड कंपनीने इथून, बार्रान्कियाहून, फोटोग्राफर पाठवला, त्याच्या खाण्यापिण्याची, बाटलीची सोय केली, आणि त्या गाढवाने काय आणलं — तर तू, तुझा गॉगल आणि आंब्याचं झाड. आणि ही मागे — ही बघ, सावलीत — ही कोण म्हणायची? सरबत द्यायला आली होती आणि चुकून फोटोत सापडली? — नाही, सांगू नकोस. मला माहितीय कोण ते. माझी मुलगी मला ओळखता येणार नाही असं वाटलं तुला? चेहरा अर्धा काळोखात गेलाय, अकॉर्डियनचा नुसता कोपरा दिसतोय, पण ही मान — मान अशी तिरकी धरायची सवय तिची, एवढीशी होती तेव्हापासूनची. बस. तिथे नको, त्या स्टुलाला रंग लागलाय. तिथे. आणि तो घाम पूस आधी. गायक आहेस ना? गायकाला गाताना घाम यावा, जिना चढून नाही.

काय नाव म्हणालास — लिबार्दो. लिबार्दो काय? ओर्तेगा. बरं. तर लिबार्दो ओर्तेगा गाणार, माझी एडिल्सा अकॉर्डियन वाजवणार, दोघांची पहिली रेकॉर्ड निघणार, आणि तिचं कव्हर ह्या निकानोर बार्रासाने करायचं. ह्यात मला नवल काही नाही. इतकी वर्षं बोलली नाही, पत्र नाही, फोन नाही, आईबरोबर गेली ती गेली — पण कव्हरची वेळ आली तेव्हा बाप आठवला की नाही? आठवणारच. नवल एवढंच, की स्वतः यायचं सोडून तिने तुला पुढे केलं. — थांब. थांब म्हटलं ना, मी बोलतोय. हे 'पण मास्तर, पण मास्तर' काय लावलंयस मघापासून? ती वाजवत असते तेव्हा पण असंच मधे मधे तोंड घालतोस का? घालतच असशील. गायकांची जातच तशी. सगळी मेहनत अकॉर्डियनवाल्याची, बोटं त्याची फुटतात, खांदा त्याचा निखळतो, आणि पुढे येऊन हात पसरून उभं कोण राहणार? आयत्या बिळावर नागोबा.

आता नीट ऐक, कारण हे तुला कंपनीतला कोणी सांगणार नाही. कव्हर गाणं ऐकलेल्या माणसासाठी नसतं. ज्याने ऐकलं नाही, ऐकायची इच्छा नाही, जो बसस्टँडवर दुसऱ्याच कामासाठी आलाय, त्याच्यासाठी असतं. तो दुकानासमोरून जातो, उन्हात, हातात बोचकं, आणि एका क्षणात त्याला कळलं पाहिजे — हे आपलं. सालसाची रेकॉर्ड घेणारा कोण? बंदरावर ओझी उचलणारा पोरगा. रोज मुकादमाच्या शिव्या खातो. त्याला काय व्हायचंय? गुंड व्हायचंय. मग मी त्याला दिव्याचा खांब देतो, कॉलर वर केलेला माणूस देतो, अर्धा चेहरा अंधारात. गायक प्रत्यक्षात कसाही असू दे — एक होता, आईला विचारल्याशिवाय घराबाहेर पडत नसे, मी त्याच्या हातात चाकू दिला! खपली की नाही? दुकानात उरली नाही. प्रेमभंगाची गाणी घेणारी कोण? दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करणारी बाई. तिला पेला, गुलाब आणि एक थेंब — डोळ्यातून नाही, पेल्यावरून ओघळणारा, कारण डोळ्यातून काढला तर तिला वाटतं आपली थट्टा चाललीय. डिसेंबरच्या नाचगाण्यांना पोहण्याच्या कपड्यातली बाई, आणि ती गोरी. वाजवणारे सगळे काळे कुळकुळीत, गाणी त्यांच्या आज्यांची, आणि कव्हरवर ह्या बाईसाहेब, आमच्या किनाऱ्यावर कधी पाय न ठेवलेल्या, मोटारीच्या बॉनेटवर पसरलेल्या. मला विचारतात, लाज नाही वाटत? मला का वाटावी? विकत घेणाऱ्याला वाटते का? काळे लोकच घेतात की ती. घरी नेतात, भिंतीला लावतात, येशूच्या शेजारी.

आणि वायेनातो. तुमचा. ह्याचं गिऱ्हाईक ट्रक चालवणारा, गुरं हाकणारा, शनिवारी कोपऱ्यावरच्या गुत्त्यात चौघांच्या गळ्यात पडून रडणारा. त्याला बाई नकोच असते कव्हरवर. बाई त्याला सोडून गेलीय, तिच्यावर तर ते सगळं गाणं आहे. त्याला दोस्त हवा असतो. म्हणून दोन बाप्ये. एक गाणारा, एक वाजवणारा, ह्याचा हात त्याच्या खांद्यावर, दात दाखवायचे, मागे झाड. झालं कव्हर. झोपेत करतो मी असली. गाणं कसलं आहे, कोण मेलंय, कोण पळून गेलंय — मला काय करायचंय? मी ऐकतच नाही. सांगून ठेवतो तुला, आजवर कव्हर केलेली एकही रेकॉर्ड मी ऐकलेली नाही. आचाऱ्याने उष्टं खायचं नसतं.

ऐकण्यासारखं तरी काय असतं रे त्यात? तो तुमचा पुकारा! गाणं चांगलं चाललेलं असतं, अकॉर्डियन रंगात आलेला असतो, आणि मधेच गायक बोंबलणार — 'माझा जिवलग अमका, सान्ता मार्ताचा!' कोण अमका? दात उपटणारा. दुसऱ्या कडव्यानंतर टायरवाला. त्यानंतर जमीनदार, त्याची बायको, त्याचा आमदार मेव्हणा. एकाने तर — दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, मधली अकॉर्डियनची फेरी सुरू होते ना, तिथेच — घोड्याला जंताचं औषध देणाऱ्याचं नाव घेतलंय. पूर्ण नाव! दोन्ही आडनावांसकट, बापाचं आधी, आईचं नंतर! जंतवाल्याच्या आईचं आडनाव आख्ख्या किनाऱ्याला पाठ आहे आज. आणि त्याच रेकॉर्डचं कव्हर करताना ज्याने सात दिवस डोळे फोडले — काय? काय हसतोस? — ऐकत नाही म्हणालो ना. नाही ऐकत. कानावर पडतं. शेजारी लावतात मोठ्याने. हो, सगळ्या रेकॉर्डी लावतात! दोन्ही बाजू लावतात! तुला काय करायचंय शेजाऱ्यांशी? नाव येईल म्हणून कान लावून बसतो असं वाटतं की काय तुला? मला गरज नाही. माझं नाव असतं कव्हरच्या मागे, खालच्या कोपऱ्यात: 'मुखपृष्ठ — नि. बार्रासा'. मुंगीएवढं असतं, पण असतं. त्याशिवाय मी काम हातातून सोडत नाही, सगळ्या कंपन्यांना ठाऊक आहे. एकदा छापखान्यातल्या एका शहाण्याने गाळलं होतं जागा नाही म्हणून, मी तिथे जाऊन मशीनपुढे आडवा झालो होतो. अक्षरशः आडवा. शर्टाला शाई लागली ती शेवटपर्यंत गेली नाही.

कॉफी घेणार? थंड झालीय. नको तर नको. तुमच्यासारख्यांना घसा जपायचा असतो.

तर तुझा प्रश्न असा — विचारला नाहीस, पण चेहऱ्यावर दिसतोय — की बाई अकॉर्डियन वाजवते, मग कव्हर करायचं कसं? दोन बाप्ये नाहीत, दोस्त नाहीत, खांद्यावर हात ठेवायची सोय नाही. ठेवला तर लोक म्हणणार नवराबायको. ठेवत नाहीस ना? — बरं. मी फक्त विचारलं. — तर ह्या फोटोवाल्याने काय केलं? तिला मागे ढकललं. धंद्याच्या हिशेबाने बरोबर केलं. मीसुद्धा तिला हेच सांगितलं होतं. काय चुकीचं सांगितलं? अकॉर्डियन धरलेली बाई कव्हरवर चालत नाही, दुकानदार घेत नाही — हे मी अंदाजाने सांगत नव्हतो, जन्म काढलाय ह्यात. बापाने मुलीला धंद्यातलं खरं सांगू नये? फादरने सांगायचं मग? आणि ती केवढी, तर पंधरा. पंधरावा वाढदिवस, तिच्या आईने पाहुणे बोलावलेले, गुलाबी झगा शिवलेला, आणि ह्या बाईसाहेबांना काय हवं बापाकडून? माझं चित्र काढा पप्पा, रेकॉर्डच्या कव्हरसारखं, मोठ्ठं, दारात लावायचं. काढतो म्हटलं. बसली माझ्यापुढे. मामाचा जुना अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसली, लाल, एका बाजूने फुटलेला, आणि बसली ती हलली नाही, तासन् तास, पाय झोपले तरी हलली नाही. मी काढलं. झगा असा काढला की हात लावून बघावासा वाटावा. चेहरा — तिच्या आईलासुद्धा खोट काढता येईना. फक्त अकॉर्डियन काढला नाही. तिथे फुलं काढली. पांढरी, मोठा गुच्छ, दोन्ही हातांत. का म्हणून काय विचारतोस? कोण बघणार होतं ते चित्र? पाहुणे! मावश्या, फादर, बँकेतला मॅनेजर! गिऱ्हाईक बघूनच काढलं की मी! पंधरा वर्षांच्या मुलीला दारात दारूच्या गुत्त्यातलं वाद्य घेऊन बसवू? आणि बोटं बघ म्हटलं, बोटं मी तशीच ठेवलीत, बटणांवर होती तशीच, फुलांच्या मागे. नीट बघणाऱ्याला कळतं. — काय? तुला माहितीय? फुलांचं? तिने सांगितलं? — अच्छा. स्टेजवरून सांगते. प्रत्येक कार्यक्रमात? पहिल्या गाण्याच्या आधी. आणि लोक हसतात. — हसू देत. लोक कशालाही हसतात. लोक तर जंतवाल्याच्या नावाला टाळ्या वाजवतात.

मी काही मनावर घेतलं नाही. ती गेली, आई गेली, आई तर निमित्तच शोधत होती. मी म्हटलं, येईल. अकॉर्डियन वाजवायचाय ना? मग एक दिवस रेकॉर्ड निघेल, आणि रेकॉर्ड निघाली की कव्हर लागेल, आणि ह्या किनाऱ्यावर कव्हर करणारे दोनच — एक मी, आणि दुसरा तो अर्खेमिरो, ज्याला हात काढता येत नाहीत म्हणून सगळ्यांचे हात खिशात घालतो. अकॉर्डियनवालीचे हात खिशात घालून दाखव म्हणावं! तर येणार कुठे? इथेच. आणि झालंच की तसं. कंपनीतून साहेबाचा फोन आला तेव्हा मी काय काढत होतो? साबणाची जाहिरात. ती पालथी टाकली. साहेब काय म्हणाला, शब्दन् शब्द सांगतो: 'मास्तर, नवी जोडी आहे, अकॉर्डियनवर एडिल्सा म्हणून एक मुलगी आहे फुन्दासिओन गावची, हे काम खास तुम्हालाच द्यायचंय.' खास! हा साहेब, जो मला आजवर नमस्कारसुद्धा कामाशिवाय करत नाही, तो म्हणतो खास. का म्हणतो? कोणीतरी सांगितल्याशिवाय? कोणीतरी अट घातल्याशिवाय — की कव्हर करील तर तोच करील, नाहीतर रेकॉर्डच नको? डोकं मोठं हट्टी आहे तिचं. माझ्यावर गेलंय. — पुन्हा 'पण मास्तर'! अरे थांब की! बोलशील, तुझी पाळी येईल. आधी ऊठ. ऊठ, आणि त्या फळीवरची चादर काढ. हळू. ओढू नकोस, गावंढळासारखा, उचल.

हं.

बघ. मागे हो, इतक्या जवळून काय दिसणार तुला, दाराशी जाऊन बघ. दुकानात असंच दिसेल, लांबून. — तुझ्या त्या फोटोची मी वाट बघतोय असं वाटलं होतं का तुला? फोन आला त्याच दिवशी बसलो. साबणवाले अजून दार ठोठावतायत. बघ. झाड नाही. तुला फारच झाडाची आठवण आली तर ती खाली पायाशी एक कैरी पडलीय, ती बघ, तेवढं झाड पुरे. लाल भिंत. लाल अकॉर्डियन लाल भिंतीवर — हे करून दाखव म्हणावं अर्खेमिरोला, दोन दिवस नुसता लाल कालवत होतो. भाता पूर्ण उघडलेला. आणि बटणं बघ, सगळी आहेत, एकही ढापलेलं नाही. वरच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून एक अकॉर्डियन उसना आणला, तो बोंबलतोय गिऱ्हाईक थांबलंय म्हणून, थांबू दे. बोटं अशी पडतात की नाही तिची? पडतात ना? — मला माहितीय पडतात. चेहरा मी मनाने मोठा केला. पंधराचा होता, त्यात वर्षं घातली. डोळ्यांखाली थोडी, तोंडाच्या कडेला थोडी. गेल्या वर्षी महोत्सवात वायेदुपारला लांबून पाहिली होती — गर्दीत होतो, कामासाठी गेलो होतो, दुसऱ्याच कामासाठी — तेव्हा चष्मा नव्हता बरोबर, त्यामुळे नाकाची खात्री नाही. तू सांग. नाक बरोबर आहे? — झालं तर.

तू? आहेस ना तू पण. शोध. उजवीकडे, मागे, तो दारात उभा आहे, टोपी घातलेला, तोंड उघडं. मोठं काढलंय तोंड, तक्रार करू नकोस. धंद्याच्या हिशेबाने? धंद्याच्या हिशेबाने सांगू का तुला — हे खपणार नाही. मी स्वतः सांगतो. ट्रकवाला हातात घेईल आणि ठेवून देईल, दुकानदार मला शिव्या देईल, साहेब छाती पिटेल. मला अक्कल नाही असं समजू नकोस, सगळे नियम माझेच आहेत, अर्धे मीच केलेत. तरी असंच जाणार हे. ह्यातली एक रेघ बदलायची नाही. सांग साहेबाला.

आणि अक्षरं. अक्षरं कोणी बघत नाही, पण तू बघ. छापलेला टाइप नाही, हाताने काढलीत. तुझं नाव वर, बारीक, कारण नियमाप्रमाणे गायकाचं आधी; आणि तिचं खाली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. एडिल्सा बार्रासा. बार्रासामधले हे दोन आर आहेत ना, मधले, शेजारी शेजारी — त्यांच्या पाठी अशा वाकवल्यात की त्यातून भात्याच्या घड्या निघतात आणि त्या घड्या सरळ अकॉर्डियनला जाऊन मिळतात. म्हणजे नाव आणि अकॉर्डियन एकच. कुठे नाव संपतं, कुठे भाता सुरू होतो, सांगता येत नाही. सांग, येतं का? हे मला पहाटे सुचलं. उठून दिवा लावला. दोन आर! मी म्हटलं, अरे, इतकी वर्षं हे आडनाव लावतोय आपण आणि कधी दिसलंच नाही!

काय झालं? तोंड का पडलं? टोपी आवडली नाही? — मग? — नाव? नावाला काय झालं? स्पेलिंग चुकलं? माझं स्वतःचं आडनाव मी — काय?

पुन्हा सांग.

कान्तियो. कान्तियो तिच्या आईचं आडनाव. हो, ते असतं शेवटी, सगळ्यांचंच असतं, कोणी लिहितं का ते? माझ्या आईचं तू ऐकलंयस? एडिल्सा बार्रासा कान्तियो, शाळेच्या दाखल्यावर. पण कव्हरवर — अच्छा. पोस्टरवर पण कान्तियो. रेडिओवर पण. करारावर? करारावर पण. म्हणजे आख्खा किनारा तिला कान्तियो म्हणतो. मी कसं ऐकलं नाही? रेडिओ आहे की माझ्याकडे. 'एडिल्सा कान्तियो' — ऐकलं असेन. ऐकलं असेन, आणि कोणीतरी दुसरी समजून गप्प बसलो असेन.

बरं. बरं, ठीक आहे. हट्टी आहे म्हटलंच की मी. म्हणजे आडनाव आईचं लावणार, आणि कव्हर बापाकडून करून घेणार. जिरवते माझी. 'जा रे लिबार्दो, त्यांनाच काढायला लाव माझ्या आईचं नाव, त्यांच्याच हाताने.' हेच म्हणाली ना? काहीतरी म्हणाली असेल ना तुला पाठवताना? निघताना? सांग की. मघापासून 'पण मास्तर, पण मास्तर' चाललं होतं, आता विचारतोय तर —

तिने नाही पाठवलं.

कंपनीने पाठवलं. साहेबाने. — आणि 'खास'? — सगळ्यांनाच म्हणतो. हो. म्हणतच असेल, त्याच्या तोंडात बसलाय तो शब्द. मग मीच का? — अर्खेमिरो. अर्खेमिरोला सांगितलं होतं आधी. आणि त्याला कार्निव्हलच्या रथांचं काम आलं म्हणून मग — हं. म्हणून मग इकडे. आणि तू हेच सांगत होतास मघापासून. आल्यापासून सांगत होतास.

तिला माहीत तरी आहे का, की इथे आलायस?

नाही. कव्हर कोण करतंय हे कोण कोणाला सांगतं. बरोबर आहे. मीच आत्ता म्हणालो, मुंगीएवढं असतं. — आणि कळलं तर? नाही, तू खरं सांग. गाणारे खोटं बोलतात, पोटासाठी बोलतात, माझं काही म्हणणं नाही, पण आत्ता नको. हे चित्र आवडेल का, ते मी विचारत नाहीये. ते मला ठाऊक आहे, ते डोळे असलेल्या कोणालाही आवडेल. मी काढलंय हे कळलं तर घेईल का? — बघू नकोस माझ्याकडे असा. तुझ्या दयेची मला — घेईल का नाही?

नाही घेणार.

ठीक. बस. जाऊ नकोस, बस, उभा राहू नकोस माझ्या उजेडात. ते ब्लेड दे. ते नाही, दाढीचं, बशीतलं. पोस्टर कलर आहे, खरवडता येतो, फक्त कागदाला जखम होता कामा नये. फुंकर मारू नकोस! अर्खेमिरोच्या इथे मारा फुंकर. आर निघतात बघ कसे, सालपटासारखे. चिवट नाव आहे. — काय पुटपुटतोयस? राहू दे काय? राहू दे म्हणून कसं चालेल, रेकॉर्ड कान्तियोची आणि कव्हर बार्रासाचं, दुकानदार काय, गिऱ्हाईक काय, कोणाला काय कळणार? कव्हर बघून एका क्षणात कळलं पाहिजे. तुला मघापासून काय शिकवतोय मी, भिंतीला शिकवतोय? रेष धर. पट्टी धर, हलवू नकोस. ताल कसा धरतोस तू, एक पट्टी धरता येत नाही तर?

सी. ए. एन. टी. ह्या बाईच्या आडनावात वळणं नाहीत, घराण्यातच नव्हती, सगळे दांडकी गिळल्यासारखे. आय. आणि हे दोन एल — म्हणायचं 'य', लिहायचे दोन एल. शेजारी शेजारी, उंच, सरळसोट. ह्यांचं काय करायचं? दोन आर होते तेव्हा — थांब. थांब, बोलू नकोस. दोन एल. ह्याच्या आणि ह्याच्या मधे. दोन बाजूंच्या दोन फळ्या, आणि मधे भाता. अरे, अकॉर्डियन दुसरा कसा असतो? आरच्या पाठी मला वाकवाव्या लागल्या होत्या, जबरदस्तीने. हे तर — हे नुसते उभे करून ठेवायचे. घड्या आपोआप येतात. च्यायला. बघ. हे जास्त चांगलं बसतंय. हे कोणालाही सांगितलंस तर जीभ उपटून ठेवीन.

झालं. नाही, सही नाही. आणि साहेबाला सांग, मागे कोपऱ्यात माझं नाव घालायचं नाही. — हो, मीच म्हणतोय. मशीनपुढे आडवा होणारा मीच. तसं करायचं नाही, कोपरा रिकामा ठेवलात तर ती विचारणार, एवढीशी असल्यापासून विचारते, रिकामं काही दिसलं की विचारते. अर्खेमिरोचं घाला. मुखपृष्ठ — अर्खेमिरो, आणि पुढे त्याचं जे काय आडनाव असेल ते. तो नाही कशाला म्हणेल? फुकटची कीर्ती त्याने कधी सोडलीय? वर्षभर सांगत फिरेल, बघा, मी हात काढले. त्या माकडाने! हे हात! — छापा. त्याचं छापलंत म्हणजे घेईल ती. घेईल ना? मग झालं तर.

उचल. एका हाताने नाही, बावळटा, दोन्ही हातांनी, आणि उभं धर. पिशवीत घालू नकोस. जिन्यात वारा आहे, दार आपटलं तर पाठ पुढे कर, चित्र नाही. खाली बसवाल्याने टपावर टाक म्हटलं तर उतर, दुसरी बस पकड. आणि नावाला बोट लावू नकोस, ओलं आहे. बघतोस काय? जा. मला साबणाचं काम आहे.